घरातील कार्बन मोनॉक्साइड आणि त्याचा पहारेकरी

जानेवारी २०२० मध्ये केरळमधील पर्यटकांचा एक गट नेपाळातील दामन या थंड हवेच्या ठिकाणी मुक्कामाला उतरला होता. थंडी कडाक्याची होती. गटातील आठ जण एकाच खोलीत झोपले. त्यांत चार मुले होती. ऊब राहावी म्हणून खोलीत गॅसवर चालणारा हीटर चालू ठेवण्यात आला होता आणि दारे-खिडक्या बंद होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आठही जण बेशुद्ध स्थितीत आढळले. त्यांना काठमांडूला नेण्यात आले. परंतु एकालाही वाचवता आले नाही.

या दुर्घटनेत आग लागली नव्हती, स्फोट झाला नव्हता. मग वेळीच दार उघडून बाहेर पडणे आठांपैकी एकालाही का साधले नाही? आजच्या व्याख्यानाचा सारा विषय या एका प्रश्नात सामावलेला आहे. कार्बन मोनॉक्साइड या वायूपासून घराचे रक्षण करणारा अलार्म कसा निवडावा आणि तो कोठे लावावा, हे ठरवण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर समजून घेतले पाहिजे. ते समजले म्हणजे अलार्मच्या जागेचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

लाकूड, कोळसा, रॉकेल, गॅस, पेट्रोल अशा प्रत्येक इंधनात कार्बन असतो. जळताना त्याला भरपूर हवा मिळाली, तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली, तर ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही की घशात खवखवत नाही. धूर माणसाला खोकायला लावतो आणि त्या अर्थाने सावध करतो. उलट, रसरसलेल्या निखाऱ्यांतून धूर निघेनासा झाला म्हणजे शेगडी आता निर्धोक झाली असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती अशी की, निर्धूम निखारेही हा वायू भरपूर सोडत असतात.

शरीरात गेल्यावर हा वायू काय करतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी दाखवून दिले. रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो सर्व शरीराला पोचवते. परंतु याच हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइडची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असते. म्हणून श्वासाच्या हवेत हा वायू अल्प प्रमाणात असला, तरी तो हळूहळू हिमोग्लोबिन अडवून बसतो. श्वासोच्छ्वास चालू असतो, छातीचा भाता हलत असतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळेनासा होतो.

यापुढचे मोठे काम ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांचे आहे. त्यांनी हा वायू स्वतः हुंगून आपल्यावर होणाऱ्या परिणामांची नोंद केली आणि ती १८९५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, कोळशाच्या खाणींतील स्फोटांनंतर होणारे मृत्यू बहुतांशी भाजण्याने किंवा आघाताने होत नसून या वायूने होतात, असे त्यांनी आपल्या अहवालात दाखवले. जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचे पुत्र. ते १९५७ साली भारतात आले, येथेच राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निधन पावले.

थोरल्या हाल्डेन यांच्या आणखी एका शोधाचा येथे उल्लेख केला पाहिजे. जे. जी. प्रीस्टली यांच्यासह त्यांनी १९०५ मध्ये असे सिद्ध केले की, श्वास घेण्याची निकड मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे निर्माण होते. प्राणवायू कमी झाल्याने ती तितकी होत नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत कार्बन डायऑक्साइडचा निचरा चालूच असतो, म्हणून जीव गुदमरल्याची जाणीव होत नाही. डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. जागा असलेला माणूस त्याला थंडीचा, जागरणाचा किंवा जेवणाचा दोष समजतो. पुढे विचारशक्ती मंदावते आणि पाय लटके पडतात. धोका ओळखणारा मेंदूच प्रथम निकामी होतो. झोपलेल्याला तर एवढीही सूचना मिळत नाही. दामनच्या त्या खोलीतून कोणी बाहेर का आले नाही, याचे उत्तर हे आहे.

ज्या धोक्यात पीडित माणूस स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही, तेथे साक्षीदार बाहेरचा हवा. खाणकामगारांसाठी हा साक्षीदार हाल्डेन यांनीच सुचवला. लहान प्राण्यांची श्वसनाची गती मोठी असते, म्हणून विषाचा परिणाम त्यांच्यावर माणसाच्या आधी दिसतो. या तत्त्वावर ब्रिटनमधील खाणींत कॅनरी हे चिमुकले पक्षी पिंजऱ्यातून नेले जाऊ लागले. पक्षी दांडीवरून खाली पडला की कामगारांनी मागे फिरायचे. ही प्रथा १९८६ मध्ये संपली आणि पक्ष्याची जागा विद्युत उपकरणांनी घेतली. घरातील अलार्म हा त्या कॅनरीचाच वारस आहे. त्याच्याकडून एक धडा मात्र विसरू नये. पिंजरा कामगाराच्या हाती असे, खाणीच्या दारात टांगलेला नसे. पहारेकऱ्याला फक्त तो जेथे आहे तेथलीच हवा कळते.

भारतातील घरांत हा वायू कोणत्या वाटांनी येतो, ते आता पाहू. काश्मीर आणि हिमाचलमध्ये लाकडाची किंवा कोळशाची बुखारी असते. उत्तर भारतातील शहरांत रखवालदार, मजूर आणि रात्रपाळीचे कामगार थंडीत बंद खोलीत अंगीठी ठेवतात. महाराष्ट्रातील बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी अजून काही घरांत असते. मोठ्या शहरांतील सदनिकांत न्हाणीघरात बसवलेला गॅस गीझर असतो. वीज गेल्यावर गॅलरीत किंवा जिन्याखाली लावलेला जनरेटर असतो. या प्रत्येक ठिकाणी दोष अग्नीचा नसतो. अग्नी पेटता ठेवून हवेची वाट बंद करण्याचा असतो.

यासाठी वायू किती लागतो, याचा एक सोपा हिशेब करता येतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीत २७,००० लिटर हवा मावते. तीत दर दहा लाख भागांमागे ३०० भाग कार्बन मोनॉक्साइड होण्यास सुमारे आठ लिटर वायू पुरतो. एवढा वायू निर्माण होण्यास सुमारे चार ग्रॅम कार्बनचे अर्धवट ज्वलन पुरेसे आहे. शेगडीत कोळसा किलोच्या हिशेबाने घातला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे ‘थोडेच निखारे आहेत’ या समजुतीत किती अर्थ आहे ते कळते. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि अडीच मीटर उंच अशा न्हाणीघरात तर हवाच ७,५०० लिटर असते. तेथे हेच प्रमाण गाठण्यास सव्वादोन लिटर वायू पुरतो.

आता निवडीचा प्रश्न. बाजारात बाहेरून सारखीच दिसणारी तीन उपकरणे मिळतात आणि त्यांत गल्लत होते. पहिला धुराचा अलार्म. तो धुराचे कण ओळखतो. दुसरा गॅसगळतीचा अलार्म. तो न जळलेला इंधनवायू ओळखतो. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत लावतात. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, म्हणून त्याचा अलार्म छताजवळ लावतात. तिसरा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. तो इंधन अर्धवट जळाल्यानंतर तयार झालेला वायू ओळखतो. गॅसगळतीचा अलार्म घरात असल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडची चिंता मिटली, असे मानणे चूक आहे. एलपीजीला मुद्दाम घातलेला उग्र वास असतो, त्यामुळे गळती निदान नाकाला कळू शकते. पण तो एकदा जळाला की वासही जातो आणि मागे उरलेल्या वायूची नाकाला दाद लागत नाही. उपकरणाच्या वेष्टनावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ किंवा ‘सीओ’ असा स्पष्ट उल्लेख आहे की नाही, हे म्हणून प्रथम पाहावे.

दुसरी गोष्ट आतल्या संवेदकाची. आज बहुतेक चांगल्या घरगुती अलार्ममध्ये विद्युत-रासायनिक संवेदक असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइडची रासायनिक क्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. वायू जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. हा संवेदक कालांतराने झिजतो. म्हणून अशा अलार्मला ठरावीक आयुष्य असते. ते प्रतीनुसार साधारण पाच ते दहा वर्षे असते. उपकरण केव्हा बदलावे, ती तारीख त्याच्यावर छापलेली असावी. तारीख नसलेले उपकरण, किंमत कितीही कमी असली तरी, घेऊ नये.

तिसरी गोष्ट मानकाची. घरगुती अलार्मसाठी युरोपात ईएन ५०२९१ आणि अमेरिकेत यूएल २०३४ ही मानके आहेत. यांपैकी एकाचा उल्लेख आणि त्यानुसार तपासणी झाल्याची खूण उपकरणावर पाहून घ्यावी. युरोपीय मानकाप्रमाणे दर दहा लाख भागांत ५० भाग वायू असेल, तर अलार्म ६० ते ९० मिनिटांत वाजला पाहिजे. १०० भाग असतील तर १० ते ४० मिनिटांत आणि ३०० भाग असतील तर तीन मिनिटांच्या आत वाजला पाहिजे. उलट, केवळ ३० भाग असतील तर त्याने दोन तास वाजता कामा नये. हा विलंब म्हणजे उपकरणाचा दोष नव्हे. विषाचा परिणाम प्रमाण आणि काळ या दोहोंवर अवलंबून असतो. चूल पेटवताना क्षणभर निघणाऱ्या वायूला प्रत्येक वेळी अलार्म वाजू लागला, तर घरातील माणसे आठवड्याभरात त्याची बॅटरी काढून ठेवतील. तथापि गर्भवती स्त्रिया, तान्ही मुले आणि हृदयरोगी यांना कमी प्रमाणही बाधते. अशा घरात वायूचे प्रमाण आकड्यांत दाखवणारा अलार्म घेणे इष्ट होय.

चौथी गोष्ट विजेची. केवळ विजेवर चालणारा अलार्म वीज गेल्याक्षणी आंधळा होतो. अंगीठी आणि जनरेटर तर नेमके त्याच वेळी बाहेर निघतात. म्हणून आपल्याकडे बॅटरीवर चालणारा, निदान बॅटरीची जोड असलेला अलार्मच घ्यावा.

अलार्मच्या जागेविषयी सर्वांत रुजलेला गैरसमज असा की, हा वायू जड असल्यामुळे जमिनीवर साचतो. तो हवेपेक्षा किंचित हलका असतो, जवळजवळ सारखाच. तो हवेत सर्वत्र मिसळतो आणि ज्वलनाच्या गरम हवेबरोबर आधी वर जातो. उंचीचा बारकावा पुढे येईलच. त्याआधी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. अलार्म योग्य खोलीत असावा आणि त्याचा आवाज झोपलेल्या माणसाला जागे करील इतक्या जवळ असावा. सामान्य नियम असा की, जेथे इंधन जळते त्या खोलीत एक अलार्म असावा आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ दुसरा असावा. चूल, हीटर किंवा बुखारी यांपासून आडव्या अंतराने एक ते तीन मीटरवर तो लावतात. भिंतीवर लावल्यास दारा-खिडक्यांच्या वरच्या कडेपेक्षा उंच, पण छतापासून किमान १५ सेंटिमीटर खाली. छताला लावल्यास भिंतीपासून किमान ३० सेंटिमीटर दूर. ज्या शेजघरात इंधन जळत नाही, तेथे तो झोपणाऱ्याच्या श्वासाच्या उंचीवर असावा.

अलार्म कोठे लावू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पडद्यामागे, कपाटात, मोठ्या फर्निचरच्या आड, खिडकीच्या किंवा एक्झॉस्ट पंख्याच्या शेजारी, मोरीवर, चुलीच्या नेमका वर अशा जागा टाळाव्यात. भारतीय घरांपुरती आणखी एक जागा वर्ज्य आहे, ती म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारची. बॅटरी भारित होत असताना हायड्रोजन वायू निघू शकतो आणि त्याने हा संवेदक फसू शकतो.

हे नियम तीन घरांना लावून पाहू. पहिले घर काश्मीरमधील. माजघरात बुखारी आणि बाजूच्या दोन खोल्यांत शेजघरे. एक अलार्म बुखारीच्या खोलीत वर सांगितलेल्या अंतरावर; दुसरा शेजघरांच्या दारांजवळ. दुसरा लावल्यावर घरातील एकाने बिछान्यावर पडून दार लावून घ्यावे आणि दुसऱ्याने चाचणीची कळ दाबावी. आवाज उशीपर्यंत स्पष्ट पोचला नाही, तर तो अलार्म शेजघराच्या आत हलवावा. मात्र हिवाळ्यापूर्वी बुखारीचे धुराडे साफ न करता अलार्मवर विसंबणे म्हणजे गळके छप्पर न शाकारता खाली भांडे ठेवणे होय.

दुसरे घर रखवालदाराची एकच खोली. तेथेच स्वयंपाक, तेथेच झोप. येथे अलार्म चुलीपासून साधेल तितका दूर आणि झोपण्याच्या जागेजवळ लावावा. परंतु या घरासंबंधी खरी गोष्ट निराळी आहे. निखाऱ्यांची अंगीठी झोपेच्या वेळी खोलीत असणे हाच धोका आहे आणि जगातील कोणत्याही अलार्मने ती सुरक्षित होत नाही. झोपण्यापूर्वी ती खोलीबाहेर गेली पाहिजे.

तिसरे घर शहरातील सदनिका आणि न्हाणीघरात गॅस गीझर. अलार्म न्हाणीघरात लावावा, तर तेथील वाफेने व ओलाव्याने तो बिघडतो. दाराबाहेर लावावा, तर बंद दाराआडची हवा बाहेर येईपर्यंत त्याला काही कळत नाही आणि आत स्नान करणारा तोवर कोसळलेला असतो. अशा न्हाणीघरांत बेशुद्ध पडलेल्या रुग्णांच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांतून केल्या आहेत. काही जणांना झटके आल्यामुळे त्यांच्यावर अपस्माराचे उपचारही झाले होते. येथे उत्तर अलार्मचे नाहीच. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत गेला पाहिजे आणि आत फक्त पाण्याचा नळ आला पाहिजे. हे होईपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या आधी भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा आणि मगच स्नानास जावे.

लावलेल्या अलार्मची महिन्यातून एकदा कळ दाबून चाचणी घ्यावी. या चाचणीने आवाज आणि बॅटरी ठीक असल्याचे कळते. संवेदकाचे आयुष्य संपले की नाही, हे सहसा त्यावरून कळत नाही. त्यासाठी तारखेकडेच पाहावे लागते. अधूनमधून होणारा बारीक चिवचिवाट बहुधा बॅटरी संपत आल्याचा किंवा आयुष्य सरल्याचा असतो, तर सलग मोठा आवाज धोक्याचा. हा फरक घरातील मुलांनाही शिकवून ठेवावा.

धोक्याचा आवाज झाल्यास कारण शोधत बसू नये. चटकन हाताशी येतील ती दारे-खिडक्या उघडत सर्वांनी बाहेर पडावे, बाहेर आल्यावर माणसे मोजावीत आणि ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. आत कोणी राहिला असेल, तर एकट्याने धावत जाऊ नये. वाचवायला गेलेला दुसरा बळी ठरण्याचा संभव असतो. अलार्म थांबला म्हणजे धोका टळला, असे समजून परत आत जाऊ नये. रुग्णालयात ‘बंद खोलीत शेगडी होती’ किंवा ‘गीझर चालू होता’ हे आपणहून सांगावे, म्हणजे रक्ताची योग्य तपासणी होईल. कोविडच्या साथीत अनेक घरांत आलेल्या बोटावरच्या ऑक्सिमीटरवर येथे भरवसा ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतील भेद त्या साध्या उपकरणाला कळत नाही. रोगी अत्यवस्थ असतानाही ते निरोगी माणसाचा आकडा दाखवू शकते. उपचार प्राणवायूचा असतो. साध्या हवेत रक्तातील या विषाचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे चार ते सहा तास लागतात. मुखपट्टीने शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण एक ते दीड तास पुरतो.

अखेर एक शंका उपस्थित होते. ज्याला अंगीठीशिवाय दुसरी ऊब परवडत नाही, तो अलार्म कोठून विकत घेणार? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग असा की, झोपण्यापूर्वी अंगीठी बाहेर काढणे, झरोका उघडा ठेवणे, धुराडे झाडून घेणे आणि गीझर चालू असताना दार न लावणे यांना एक पैसाही लागत नाही. संरक्षणाची पहिली फळी हीच आहे, अलार्म ही शेवटची. दुसरा भाग असा की, अलार्म लावणे हे दरवेळी झोपणाऱ्याचे काम नसते. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात जेथे पक्के बसवलेले ज्वलन-उपकरण आहे, त्या खोलीत असा अलार्म लावण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. त्यातून केवळ गॅसची स्वयंपाकाची चूल वगळली आहे. जो खोली देतो त्याने तेथील हवेचीही हमी द्यावी, हे यामागचे तत्त्व आहे. भारतातील धर्मशाळा, वसतिगृहे, पर्यटक निवास, कामगारांच्या खोल्या आणि रखवालदाराला खोली देणाऱ्या गृहनिर्माण संस्था यांना हे तत्त्व कायद्याची वाट न पाहता स्वीकारता येईल.

खाणीतील माणसे पक्ष्याच्या सोबतीने कोळसा खणत, कारण आपल्या इंद्रियांची मर्यादा त्यांना ठाऊक होती. घरातील माणसाला ती ठाऊक नसते, कारण घर त्याला ओळखीचे वाटते. ज्या रात्री थंडीने दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात आणि आत अग्नी जळत असतो, त्या रात्री त्या घराची हवा ओळखीची राहिलेली नसते. आधी हवेला वाट द्यावी आणि मग पहारेकरी नेमावा, तोही झोपणाऱ्याला हाक ऐकू येईल अशा जागी.